बुद्धिबळाचं इंजिन: घरचं बियाणं की पाकिटातलं?

"सर, फुकटचं तं फुकटचंच राहीन ना? पैशे गेले तं गेले, पोट्ट्यासाठी चांगलंच घेतलं म्या."

आमच्या गावात, यवतमाळ जिल्ह्यात, मी दर रविवारी शाळेच्या व्हरांड्यात मुलांना बुद्धिबळ शिकवतो. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला, त्यातूनच ती ग्रँडमास्टर झाली, आणि आमच्या व्हरांड्यात पट कमी पडायला लागले. मुलांमागोमाग पालक आले आणि पालकांमागोमाग प्रश्न. वरचं वाक्य एका वडिलांचं. कापूस-सोयाबीनची कोरडवाहू शेती असलेला माणूस. तालुक्याच्या एका दुकानातून त्यांनी अडीच हजार रुपये मोजून पेन ड्राइव्ह आणला होता. त्यात 'जगातलं सगळ्यात जोरदार, विकतचं इंजिन' आहे, असं दुकानदाराने सांगितलेलं.

मी तो लॅपटॉपला लावला. प्रोग्रॅम सुरू झाल्यावर इंजिनाने स्वतःचं जे नाव पडद्यावर दाखवलं, ते होतं स्टॉकफिश. जगातला कोणीही माणूस एक रुपया न देता उतरवून घेऊ शकतो, ते. दुकानदार जोराबद्दल खोटं बोलला नव्हता. 'विकतचं' या शब्दाबद्दल बोलला होता.

त्या दिवसापासून हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे की एकदा नीट लिहूनच काढावं असं वाटलं. मोफत आणि विकतच्या इंजिनांमध्ये खरा जोर कोणाचा, आणि मुळात तो मोजतात कसा?

इंजिन म्हणजे काय

इंजिन म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम. पट, सोंगट्या, रंग, बटणं हे सगळं वेगळ्या प्रोग्रॅमचं काम. इंजिन आत बसून फक्त चाल शोधतं. ट्रॅक्टरची ट्रॉली कितीही रंगवली तरी ओढणारं यंत्र वेगळंच असतं, तसं. बाजारात फसगत होते ती बहुतेक वेळा इथेच, कारण ग्राहकाला ट्रॉली दिसते.

इंजिन दोन कामं करतं. पहिलं, पुढच्या चाली बघणं. डावाच्या सुरुवातीला पांढऱ्याकडे २० चाली असतात, काळ्याकडे २०. दोघांनी दोन-दोन चाली खेळेपर्यंत डाव १,९७,२८१ वेगवेगळ्या वाटांनी गेलेला असू शकतो. सगळ्या वाटा शेवटपर्यंत बघणं कोणत्याही यंत्राला जमणार नाही. म्हणून इंजिन बैलबाजारातल्या जाणत्या शेतकऱ्यासारखं वागतं. एक बरी जोडी नजरेत भरलेली असली, की पुढचा बैल लंगडताना दिसल्यावर तो शेतकरी त्याचे दात मोजत बसत नाही. एखाद्या चालीला समोरच्याचं एक खणखणीत उत्तर सापडलं, की इंजिनही ती चाल तिथेच सोडतं आणि वाचलेला वेळ चांगल्या चालींवर घालवतं.

दुसरं काम, थांबलेल्या ठिकाणी पटाची किंमत करणं. पूर्वी हे नियम माणूस लिहून द्यायचा: प्याद्याचा १, घोडा आणि उंट यांचे ३, हत्तीचे ५, वजिराचे ९, शिवाय राजा उघडा पडला तर इतके वजा. आता हे काम न्यूरल नेटवर्क करतं. म्हणजे लाखो-करोडो स्थिती दाखवून शिकवलेला गणिती अंदाज. कापसाच्या ढिगात हात घालून ओल किती हे सांगणारा ग्रेडर जसा नियम पाठ करून नाही तर हजारो ढीग हाताळून तयार होतो, तसं हे नेटवर्क तयार होतं. स्टॉकफिशने २०२० साली या पद्धतीचा एक खास प्रकार घेतला. त्याचा जन्म जपानी बुद्धिबळात, म्हणजे शोगीत, यू नासू यांच्या हातून २०१८ साली झाला होता. २०२४ पर्यंत माणसाने लिहिलेले किमतीचे जुने नियम स्टॉकफिशमधून पूर्णच निघाले.

जोर मोजायचा कसा

शंकरपटात घड्याळ असतं. जोडी धावली, सेकंद लिहिले गेले, विषय संपला. दुसऱ्या गावच्या जोडीशी तुलना करायला ती जोडी समोर उभी लागत नाही. कुस्तीच्या दंगलीत तसं नसतं. तिथे पहिलवानाचा जोर कळतो तो त्याने कोणाला चीत केलं यावरून. बुद्धिबळ हे दंगलीसारखं आहे.

म्हणून इथे रेटिंग चालतं. हंगेरीत जन्मलेले अमेरिकेतले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी ही पद्धत बसवली, आणि जागतिक संघटना फिडेने ती १९७० साली स्वीकारली. रेटिंगमधला फरक सांगतो, की दोघे पुष्कळ डाव खेळले तर कोण किती गुण घेईल. जिंकल्यास १ गुण, बरोबरीला अर्धा. रेटिंग सारखं असेल तर दोघांचे ५० टक्के. १०० चा फरक असेल तर वरचा साधारण ६४ टक्के घेतो, २०० चा असेल तर ७६, आणि ४०० चा असेल तर ९१.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. मॅग्नस कार्लसनचं सर्वोच्च रेटिंग २८८२, आणि आजवर कोणत्याही माणसाने त्याच्या वर मजल मारलेली नाही. इंजिनांच्या याद्यांमध्ये स्टॉकफिश ३६०० च्या वर दिसतं. म्हणजे फरक ७०० चा, असं लोक वजाबाकी करून सांगतात. ती वजाबाकी चुकीची आहे. कार्लसन माणसांशी खेळून २८८२ वर पोचला, इंजिनं इंजिनांशी खेळून ३६०० वर. एका शाळेच्या चाचणीतले ८० आणि दुसऱ्या शाळेच्या चाचणीतले ९० यांत दहाचा फरक आहे, असं आपण म्हणत नाही. इंजिन माणसापेक्षा बलवान आहे यात शंका नाही. १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लू संगणकाने विश्वविजेत्या कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवलं, २००६ मध्ये डीप फ्रिट्झने त्या वेळचा विश्वविजेता क्रामनिक याला ४-२ ने हरवलं, आणि आता तर साध्या मोबाइलमधल्या इंजिनापुढेही कोणी टिकत नाही. फक्त 'किती' याचा आकडा त्या वजाबाकीतून निघत नाही.

शंभर दाणे

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि हा आपल्या लोकांना समजावायला मला कधीच जड गेलं नाही.

सोयाबीनचं घरचं बियाणं पेरायच्या आधी आपण उगवणीची चाचणी घेतो. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळायचं, ओल राखायची, काही दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. सत्तर आणि त्यावर आले तर बियाणं चालतं. शंभरच का? पाच दाणे टाकून पाचही उगवले तर खूश होऊन पेरणी करणारा शेतकरी मी पाहिलेला नाही. पाच दाण्यांत नशिबाचा वाटा फार मोठा, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही.

इंजिनांच्या बाबतीत मात्र लोक पाच दाण्यांवर निकाल देतात. 'अमुक इंजिनाने तमुकला ६-४ ने हरवलं' असा व्हिडिओ येतो आणि दुसऱ्या दिवशी मुलं वर्गात तेच सांगतात. दहा डावांतल्या ६-४ ला काही अर्थ नाही. अगदी शंभर डाव घेतले आणि त्यातले निम्मे बरोबरीत सुटणारे धरले, तरी दोन सारख्याच जोराच्या इंजिनांमध्ये ५४-४६ असा निकाल निव्वळ योगायोगाने सहज लागू शकतो. आता समजा दोन इंजिनांत खरा फरक ५ रेटिंग गुणांचा आहे. म्हणजे वरचं इंजिन जेमतेम ५०.७ टक्के गुण घेणार. हा पाऊण टक्का नशिबाच्या धुरळ्यातून खात्रीने वेगळा काढायचा तर दहा हजारांच्या आसपास डाव लागतात.

शिवाय डाव कसेही खेळवून चालत नाही. दोघांना तोच संगणक, तेवढाच वेळ, तेवढीच मेमरी. आणि सुरुवातही ठरवून दिलेली. वरच्या दर्जाची दोन इंजिनं नेहमीच्या सुरुवातीपासून सोडली तर बहुतेक डाव बरोबरीत सुटतात, फरक दिसतच नाही. म्हणून टीसीईसीसारख्या इंजिनांच्या मोठ्या स्पर्धेत मुद्दाम एका बाजूला झुकलेली सुरुवात देतात आणि तीच सुरुवात रंग बदलून दोनदा खेळवतात. कबड्डीत मध्यंतरानंतर बाजू बदलतात ना, एकाच संघाच्या डोळ्यांवर मावळतीचं ऊन पूर्ण सामनाभर येऊ नये म्हणून? तसंच हे.

मग निकाल काय लागतो?

आमच्या त्या वडिलांचं 'विकतचं तेच चांगलं' हे म्हणणं एकेकाळी खरं होतं. २००५ ते २०१२-१३ या काळात फ्रिट्झ, श्रेडर, रायबका, हुदिनी, कोमोडो ही नावं वर होती आणि त्यांच्या वरच्या आवृत्त्या बहुतेक वेळा पैसे मोजूनच मिळायच्या. ज्याला जोर हवा त्याने खिशात हात घालायचा.

त्याच काळात, २००८ मध्ये, नॉर्वेच्या तोर्द रोमस्ताद यांनी ग्लॉरुंग नावाचं आपलं इंजिन सगळ्यांसाठी उघडं ठेवलेलं होतं. इटलीच्या मार्को कोस्ताल्बा यांनी ते घेतलं, सुधारलं आणि नवं नाव दिलं: स्टॉकफिश. पुढे फिनलंडचे योना कीस्की सोबत आले. २०१३ मध्ये गॅरी लिन्सकॉट यांनी फिशटेस्ट नावाची व्यवस्था उभी केली, आणि माझ्या मते सगळी कलाटणी इथे आहे. जगभरातले स्वयंसेवक आपापला संगणक रिकामा असताना या चाचणीला देतात. कोणी एक छोटा बदल सुचवला, की जुनं स्टॉकफिश आणि बदललेलं स्टॉकफिश यांच्यात हजारो डाव होतात, आधी झटपट, मग जास्त वेळेचे. बदल खरंच उपयोगी आहे हे आकड्यांनी सिद्ध झालं तरच तो आत जातो. बहुतेक सूचना नापास होतात, सुचवणारा कितीही नावाजलेला असला तरी.

म्हणजे वर सांगितलेली शंभर दाण्यांची चाचणी तिथे रोज, हजारो दाण्यांची चालते. एकटा माणूस किंवा लहानशी कंपनी एवढे संगणक आणणार कुठून?

२०१७ च्या टीसीईसीत अंतिम सामना हुदिनी आणि कोमोडो या दोन विकतच्या इंजिनांत झाला, हुदिनी जिंकलं. २०१८ पासून मात्र या स्पर्धेच्या मुख्य विजेतेपदावर स्टॉकफिश आणि लीला ही दोनच नावं येत राहिली आहेत, आणि दोन्ही मोफत आहेत.

"फुकटात कोणी कोणाले काई देते का?"

हा प्रश्न रास्त आहे. फुकटाच्या नावाखाली आपल्याकडे बरंच काही गळ्यात मारलं जातं.

इथे मोफत आणि मुक्त यांतला फरक समजून घ्यावा लागतो. संकरित कपाशीचं बी दरवर्षी विकतच आणावं लागतं. यंदाच्या बोंडातली सरकी पुढच्या वर्षी पेरून तसं पीक येत नाही. सोयाबीनचं तसं नाही. घरचं राखता येतं, शेजाऱ्याला देता येतं. विकतच्या इंजिनाचा मूळ मजकूर, म्हणजे ते कसं लिहिलंय हे, बंद असतं. वापरा, पण त्यातून नवं उगवू नका. स्टॉकफिशचा मूळ मजकूर उघडा आहे. वाचा, बदला, वाटा. विकायलाही मनाई नाही. अट एकच: ज्याला द्याल त्याला हा मूळ मजकूर आणि हेच सगळे हक्कही द्या.

देणारे का देतात? आपल्याकडे सावड होती, काही गावांत अजून आहे. आज तुझ्या वावरात सगळे, उद्या माझ्या. इथे हिशेब तसाच चालतो. लीलाच्या खेळातून तयार झालेली माहिती स्टॉकफिशचं नेटवर्क शिकवायला वापरली गेली. एका मुक्त इंजिनाचं बी दुसऱ्या मुक्त इंजिनाच्या वावरात. स्पर्धेत एकमेकांसमोर उभे राहणारे हे दोघे.

गोम असेलच तर ती शोधायलाही मोकळीक आहे, कारण काहीच झाकलेलं नाही. फक्त उतरवून घेताना स्टॉकफिशच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावं, कोणी पाठवलेल्या फाइलवरून नाही.

"पण गूगलवाल्यांच्या इंजिनाने तर त्याला लोळवलं होतं"

होय. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलच्या डीपमाइंड कंपनीच्या अल्फाझीरोने स्टॉकफिशच्या तेव्हाच्या आठव्या आवृत्तीशी १०० डाव खेळले: २८ जिंकले, ७२ बरोबरीत, एकही हरलं नाही. फक्त नियम सांगून, स्वतःशीच खेळून ते शिकलं होतं. पण दोघांची यंत्रं अगदी वेगळ्या जातीची होती, आणि स्टॉकफिशला प्रत्येक चालीला ठरावीक एक मिनिट दिलेलं होतं. कठीण जागी जास्त वेळ घ्यायचं त्याचं कसब त्यामुळे वाया गेलं. यावर तेव्हा बरीच टीका झाली. पुढच्या वर्षी १००० डावांचा, जास्त मोकळ्या अटींचा सामना झाला, त्यातही अल्फाझीरोने १५५ जिंकले आणि फक्त ६ हरले. तेव्हा ते त्या वेळच्या स्टॉकफिशपेक्षा बलवान होतं हे मान्य करायलाच हवं.

मात्र अल्फाझीरो कधी विकायलाही आलं नाही आणि वाटायलाही. त्याची कल्पना छापून आली होती. ती घेऊन २०१८ मध्ये स्वयंसेवकांनी लीला उभं केलं आणि सगळ्यांना दिलं.

पाकीट बदललं, बियाणं तेच

बोगस बियाण्याचा मार आपल्याएवढा कोणी खाल्लेला नसेल, त्यामुळे हे लगेच कळेल.

फेब्रुवारी २०२१ मध्ये जर्मनीच्या चेसबेस कंपनीने फॅट फ्रिट्झ २ नावाचं इंजिन सुमारे १०० युरोंना बाजारात आणलं. आतलं इंजिन स्टॉकफिशचं होतं, नेटवर्क वेगळं शिकवलेलं आणि थोडे बदल. विकणं हा गुन्हा नव्हताच. वाद होता तो मुक्त मजकुराच्या अटी पाळल्या की नाही यावर. जुलै २०२१ मध्ये स्टॉकफिशच्या मंडळींनी दावा दाखल केला, नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली, कंपनीने ते विकणं थांबवलं आणि मुक्त प्रोग्रॅमच्या अटी सांभाळायला स्वतंत्र जबाबदार माणूस नेमायचं मान्य केलं. हुदिनी ६ ची विक्रीही त्याच तडजोडीत थांबली.

त्याआधीचं रायबकाचं प्रकरण गाजलेलं आहे. २०११ मध्ये संगणकी खेळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ते इतर इंजिनांवरून उचललं असल्याचा ठपका ठेवून २००७ ते २०१० ची चार विश्वविजेतेपदं काढून घेतली. कर्त्याने आरोप मान्य केला नाही. बंद पाकिटाची अडचण ही अशी असते: आत काय आहे हे ठरवायलाच वर्षं जातात.

"मंग विकत घेणारे सारे येडे हायत का?"

मुळीच नाही. पैसे कशाचे, हे माहीत असलं की झालं. लाखो जुन्या डावांचा नीट लावलेला संग्रह, चांगल्या शिक्षकांचे धडे, चूक कुठे झाली हे शब्दांत सांगणारी सोय, यांना पैसे देणं योग्य आहे. मोठे खेळाडू देतात. इंजिनाच्या जोरासाठी मात्र देण्याची गरज उरलेली नाही.

आणि तो जोर आपल्या पोरांना लागतो किती? फिडेचं रेटिंग आता १४०० पासून सुरू होतं. १४५० च्या मुलासाठी एक इंजिन दुसऱ्यापेक्षा ५० ने वर असणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याने साठ हात खोल विहीर की बासष्ट हात, असा घोळ घालणं. दोन्हीकडे पाय टेकत नाही.

आपल्या लॅपटॉपवर करून बघायचं असेल तर

करून बघाच, मुलांना यातून आकडेशास्त्र शिकवता येतं. दोन इंजिनं एकमेकांशी लढवणारे अरीना, क्यूटचेस असे मोफत प्रोग्रॅम आहेत. आमच्या वर्गाने मे महिन्यात हा प्रयोग केला तेव्हा दोन गोष्टी शिकलो, त्या सांगतो. बाहेर पंचेचाळीस अंश असताना लॅपटॉप तापला, की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो; सकाळी सेकंदाला जेवढ्या स्थिती इंजिन तपासत होतं, दुपारी तेवढ्या तपासत नव्हतं. आणि लाइट गेली की बॅटरीवर तो आणखी मंदावतो. सामना मध्येच असा बदलला तर त्या डावांवर विश्वास ठेवू नये. आम्ही नंतर सामने रात्री लावायला लागलो, आणि लाइट गेलेल्या वेळेतले डाव वहीत खूण करून मोजणीतून काढून टाकले.

त्या पेन ड्राइव्हवाल्या वडिलांना मी त्यांच्याच मोबाइलवर ड्रॉइडफिश हे मोफत ॲप टाकून दिलं. आत स्टॉकफिशच आहे. ते दोन्ही शेजारी ठेवून बराच वेळ बघत राहिले, तीच स्थिती, तीच चाल. मग पेन ड्राइव्ह खिशात टाकून तालुक्याच्या गाडीला निघाले. दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत. पोरगा पुढच्या रविवारी आला तेव्हा त्याच्याकडे स्वतःचे तीन डाव लिहिलेली वही होती, आणि कोणत्या चालीवर इंजिनाचं मत त्याच्यापेक्षा वेगळं पडलं, तिथे तिथे लाल पेनाने गोल केलेला होता.